दारियुसच्या काळातली शिधापाटी कशी वाचायची

सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण करण्यात माझी नोकरी गेली. प्राचीन इराणची ओढ मला लागली ती तिथल्या हिशेबामुळे. पर्सेपोलिस या प्राचीन इराणी राजधानीच्या तटबंदीत १९३३ साली मातीच्या हजारो पाट्या निघाल्या. त्यांच्यावर इ.स.पू. ५०९ ते ४९३ या काळातली, पहिला दारियुस या इराणी सम्राटाच्या कारभारातली शिध्याची देवघेव नोंदली आहे. एवढं मोठं साम्राज्य रोज कसं चालायचं, हे कळायला यातली एक पाटी नीट वाचावी. पाट्या बहुतेक एलामी या प्राचीन भाषेत आहेत, पण ती येत नसली तरी अडत नाही. भाषांतरं इंटरनेटवर मिळतात.

आधी मापं पक्की करा. 'का' हे लहान माप, लिटरपेक्षा किंचित कमी. दहा का म्हणजे धान्या-पिठाचा एक 'बार'. द्राक्षमद्याचा 'मर्रिश'ही दहा काचाच.

आता माझी आवडती पाटी घेऊ. अब्बतेमा नावाच्या माणसाने ११ बार पीठ उचललं. त्याचा स्वतःचा रोजचा शिधा ७ बार, सोबतच्या २० माणसांना प्रत्येकी २ का. जवळ राजाचा मोहोरबंद परवाना. निघाले हिंदुशहून, म्हणजे सिंधूकाठच्या प्रांतातून, आणि चालले सूसाला, म्हणजे साम्राज्याच्या दुसऱ्या राजधानीला. वर्ष २३, महिना दुसरा. शेवटी वाटाड्याचं नाव.

पहिलं काम, बेरीज तपासा. ७ बारचे ७० का, वीस माणसांचे ४०, एकूण ११०, म्हणजे बरोबर ११ बार. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या कारकुनाची बेरीज जुळली की मला अजूनही भरून येतं.

मग माणशी शिधा काढा, कारण खरी माहिती तिथे असते. साध्या मजुराला साधारण महिन्याला ३ बार धान्य, म्हणजे दिवसाला एक का. अब्बतेमाला दिवसाला सत्तर! एवढं पीठ एकट्याच्या पोटासाठी नव्हे, हे उघड आहे. माणसाचा दर्जा या आकड्यात मोजलेला आहे. पर्सेपोलिसच्या कारभाराचा प्रमुख पर्नाक, त्याला रोज २ मेंढ्या, १८ बार पीठ आणि ९ मर्रिश मद्य. बाळंतिणींच्या पाट्या मात्र वाचवत नाहीत: मुलगा झाला तर जेवढं मिळे, त्याच्या निम्मं मुलगी झाल्यावर.

आकडे झाले की मोहोरा बघा. बहुतेक वेळा डाव्या कडेला माल देणाऱ्याची, मागे घेणाऱ्याची. पर्नाकसारख्या बड्या अधिकाऱ्याची एकटी मोहोर पुरे होई. इ.स.पू. ५०० मध्ये त्याने मोहोर बदलली, तेव्हा 'आधीची माझी मोहोर बदलली आहे, या पाटीवर उमटवलेली आता माझी' असं पाटीवरच लिहवून घेतलं. इतकी चोख नोंद मी नोकरीत फार थोड्या दप्तरांत पाहिली.

राजाचं नाव शोधत बसू नका. बहुतेक पाट्यांवर नुसता वर्षाचा आकडा असतो, तो दारियुसच्या राज्यवर्षाचा धरायचा. आणि कारागिरांना मेंढ्या-मद्याऐवजी चांदी दिल्याचे हिशेब दिसू लागले, तर समजा की तुम्ही तटबंदीतल्या नव्हे, पर्सेपोलिसच्या खजिन्यात सापडलेल्या पाट्यांकडे आलात. त्या इ.स.पू. ४९२ ते ४५८ च्या, त्यांची वही वेगळी ठेवा.