एनसीबीचं मॉडेल बांधताय? या चुका टाळा

संख्याशास्त्राच्या प्रोजेक्टला मोटार विम्याचा नो क्लेम बोनस सोपा वाटतो. ०, २०, २५, ३५, ४५, ५० टक्के अशा सुटीच्या सहा पायऱ्या. वर्ष क्लेमविना गेलं की एक पायरी वर, क्लेम केला की थेट शून्यावर. पुढची पायरी फक्त आजच्या पायरीवर अवलंबून, म्हणजे झाली मार्कोव्ह साखळी! गडबड पुढे होते.

सगळ्या प्रीमियमवर सूट लावणं. ती फक्त ओन डॅमेजवर (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग) मिळते, थर्ड पार्टीवर (दुसऱ्याच्या नुकसानीचा भाग) नाही.

०.१ क्लेम म्हणजे विनाक्लेम वर्षाची शक्यता थेट ०.९ धरणं. वर्षाला सरासरी ०.१ क्लेम असले, तर पॉयसन वितरणानुसार (ठरावीक काळात घटना किती वेळा घडेल याचं गणित) विनाक्लेम वर्षाची शक्यता ०.९०५ येते. फरक किरकोळ वाटतो, पण सर्वात वरच्या पायरीसाठी त्याचा पाचवा घात घ्यावा लागतो : ५९ ऐवजी ६०.७ टक्के. एका पायरीवरून दुसरीवर जाण्याच्या शक्यतांच्या मॅट्रिक्सचाही पाचवा घात काढून बघाच. सगळ्या ओळी तंतोतंत सारख्या आल्या नाहीत, तर कुठेतरी आकडा चुकलाय.

झालेले अपघात आणि केलेले क्लेम एकच धरणं. खरी मेख इथे आहे. समजा, सोलापूरच्या सात रस्ता भागात रिक्षा घासली आणि एमएच १३ पाटीच्या गाडीचं दार चेपलं. मालक ५० टक्क्यांवर, सूट वजा करण्याआधीचा ओन डॅमेज प्रीमियम १०,००० रुपये. क्लेम केला तर पुढची पाच वर्षं अनुक्रमे ५,०००, ३,०००, २,५००, १,५०० आणि ५०० रुपये जास्त जाणार. बेरीज १२,५००. बरेच जण इथेच थांबतात. पण मधल्या काळात दुसरा क्लेम झाला, तर बोनस तसाही गेलाच असता. म्हणून दुसऱ्या वर्षापासून दर वर्षी ०.९०५ ने गुणत जा, उत्तर सुमारे ११,२१० येतं. कंपनीकडून हाती पडणारी रक्कम (गॅरेजचं बिल नव्हे!) याहून कमी असेल, तर हिशेबी सोलापूरकर खिशातूनच भागवणार. असे अपघात कंपनीच्या डेटात येतच नाहीत. शिवाय सवलतीचा तक्ता बदलला की ही मर्यादा बदलते, म्हणजे क्लेमचा दरही बदलतो. जुना दर कायम ठेवून नवा तक्ता तपासणं फुकट आहे.

सगळ्यांना एकच दर. रोज पुण्याला धावणारी गाडी आणि रविवारी सिद्धेश्वर मंदिरापर्यंत जाणारी गाडी एका मापाने मोजू नका. दर माणसागणिक गॅमा वितरणाने बदलू दिला की क्लेमसंख्या पॉयसनऐवजी ऋण द्विपद (निगेटिव्ह बायनॉमियल) वितरणाची होते, आणि ५० टक्क्यांच्या पायरीवर सरासरी दराच्या अंदाजापेक्षा जास्त लोक दिसतात.

नूतनीकरण ९० दिवसांहून लांबलं तरी बोनस शून्य होतो, तेव्हा तोही बाण साखळीत काढा. आणि बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. वर्षावर्षांच्या नोंदी जुळवताना गाडीचा नंबर नको, विमाधारक बघा.