रग्बी आणि अमेरिकन फुटबॉल: नजर कुठे ठेवायची

दोन्हीकडे लांबट चेंडू, दोन्हीकडे एकमेकांवर तुटून पडणारे धिप्पाड गडी. नवखा माणूस गोंधळतोच. मी फिलाडेल्फियाजवळ राहतो आणि भाचा ऑकलंडला असतो, त्यामुळे आमच्या टीव्हीवर दोन्ही खेळ चालतात. पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना मी नियम पाठ करायला लावत नाही. एवढंच सांगतो, गडी खाली पडला की चेंडूचं काय होतं ते बघा.

अमेरिकन फुटबॉलमध्ये तिथे शिट्टी वाजते आणि तो डाव संपतो. रग्बीत खेळ चालूच राहतो. पडलेल्याने चेंडू लगेच सोडायचा, पाडणाऱ्याने त्याला सोडायचं, आणि मग दोन्हीकडचे गडी पायांवर उभे राहून त्या चेंडूवर रेटारेटी करतात. हाच 'रक'. पंच सर्वाधिक दंड इथेच देतात, तेव्हा पळणाऱ्यापेक्षा या ढिगाऱ्याकडे लक्ष ठेवा.

अमेरिकेतला थांबा १८८० च्या नियमाने आला, पण त्याने खेळ कंटाळवाणा झाला. १८८१ मध्ये येल आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांच्या सामन्यात दोन्ही संघ अर्धा-अर्धा वेळ चेंडू नुसता धरून बसले. मग १८८२ मध्ये, या खेळाचे नियम घडवणाऱ्या वॉल्टर कॅम्पच्या पुढाकाराने नियम आला की तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरका, नाहीतर चेंडू द्या. आज चार प्रयत्न आणि दहा यार्ड. टीव्हीवर पिवळी रेघ दिसते ना, तिथवर पोचायचं असतं. ती रेघ कळली की निम्मा खेळ कळला.

खेळ असा तुटक असल्याने हवे तितके गडी बदलता येतात. हल्ला करणारे अकरा वेगळे, बचाव करणारे वेगळे. दीडशे किलोचा गडी काही सेकंद जीव खाऊन झुंजतो आणि मग दम खातो. साठ मिनिटांचा सामना तीन तास चालतो, निवांत चहा टाका. रग्बीत मात्र पंधरा जणांनी ऐंशी मिनिटं हल्लाही करायचा आणि बचावही. बदली आठच. चेंडू हाताने पुढे फेकायचा नाही आणि आपल्या माणसासाठी वाट मोकळी करायला समोरच्याला अडवायचंही नाही. अमेरिकेत ही दोन्ही कामं रोजची.

आता गुणांचं. कबड्डीत पकडला गेलेला चढाईपटू मध्यरेषेकडे हात लांबवतो, तसा रग्बीत पाडलेला गडीही त्याच झेपेत हात लांबवून चेंडू गोलरेषेवर टेकवू शकतो. 'ट्राय' झाला, पाच गुण. फुटबॉलमध्ये गुडघा टेकल्यावर हात लांबवून उपयोग नाही. उलट तिथे चेंडू जमिनीला लावावाच लागत नाही, रेषा ओलांडली की सहा गुण. रग्बीपटू रेषेपार जाऊनही खांबांकडे वळून पळताना दिसला तर त्याला वेडा समजू नका. नंतरची दोन गुणांची किक चेंडू टेकवला त्याच्याच समोरून मारायची असते. कोपऱ्यातून ती फार अवघड.

खेळाडू इकडून तिकडे जातात, पण सोपं नसतं. आमच्या फिलाडेल्फियाच्या ईगल्स संघाचा जॉर्डन मायलाटा ऑस्ट्रेलियात रग्बी लीग, म्हणजे रग्बीचाच एक वेगळा प्रकार, खेळायचा. २०१८ मध्ये त्याची निवड झाली तेव्हा तो फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता. २०२५ मध्ये त्याने ईगल्ससोबत सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, जिंकला. पाठीमागून ढकलत चेंडू यार्डभर पुढे नेण्याची ईगल्सची ती बदनाम चाल बघा, त्यात रग्बीची झाक आहे. मला आवडते, शेजाऱ्यांना नाही.

शेवटची मिनिटं वेगळी बघायची. फुटबॉलमध्ये पुढे असलेला संघ गुडघा टेकून वेळ काढतो, तेव्हा खुशाल उठा. रग्बीत ऐंशी मिनिटं झाली तरी चेंडू बाहेर जाईपर्यंत किंवा खेळ थांबेपर्यंत चालू असतं, तेव्हा उठू नका.

भारतातून पाहणार असाल तर सुरुवात फेब्रुवारी-मार्चमधल्या सिक्स नेशन्सने, म्हणजे युरोपातल्या सहा देशांच्या रग्बी स्पर्धेने करा, बरेच सामने शनिवारी रात्री जेवणाच्या वेळेला येतात. सुपर बोलसाठी सोमवारी पहाटे पाचचा गजर लावावा लागेल.