खिशात पैसे आहेत पण मोड नाही: सांगलीत कॅशवर कसं निभवायचं

हे लिहितोय ते ज्यांच्याकडं साधा फोन आहे, किंवा आईवडील यूपीआयला हात लावत नाहीत, किंवा माझ्यासारखं मुद्दाम रोख द्यायचं ठरवलंय अशांसाठी. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही, कधीतरी तुमचंही सर्व्हर डाऊन होतंयच.

आधी एक गोष्ट डोक्यात बसवून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. पूर्वी तुम्ही शंभरची नोट दिली की टपरीवाला जे सुट्टे परत द्यायचा ते तुमच्या आधीच्या गिऱ्हाईकानं दिलेले असायचे. आता आधीचं गिऱ्हाईक स्कॅन करून गेलेलं असतंय, त्याच्या आधीचंही, मग गल्ल्यात दहा-वीसच्या नोटा येणार कुठनं? परवा एसटी स्टँडजवळ चहा घेतला, तीस रुपये झाले, शंभर दिले. "काका, स्कॅन करा की." म्हटलं, नाही ओ माझ्याकडं ते. "मग बसा जरा, कोण रोख देणारं आलं की देतो." बसलो. तो स्पीकर आपला सारखा बोलतोय, दहा रुपये प्राप्त झाले, वीस रुपये प्राप्त झाले, आणि डब्यात माझ्या एकट्याची नोट. त्यात त्या माणसाची काय चूक?

म्हणजे मोड आपली आपणच पाळायची, दुकानदाराच्या भरवशावर राहायचं नाही. आता ती आणायची कुठनं.

एटीएममध्ये दोन हजार टाकले की पाचशेच्या चार नोटा तोंडावर मारतंय. तिथं ९०० नाहीतर १९०० टाकायचे, मशीनमध्ये शंभर-दोनशेच्या नोटा असतील तर त्या द्याव्याच लागतात. नसतील तर पैसे येणार नाहीत, दुसरं एटीएम बघायचं. रिझर्व्ह बँकेनं २०२५ च्या एप्रिलमध्ये बँकांना सांगितलं होतं की ३१ मार्च २०२६ पर्यंत ९० टक्के एटीएममध्ये निदान एक कप्पा तरी शंभर किंवा दोनशेचा पाहिजे, त्यामुळं एवढी वणवण पूर्वीसारखी नाही करावी लागणार अशी आशा. फक्त सारखं सारखं थोडं थोडं काढू नका, आपल्या बँकेच्या एटीएमला महिन्याला पाच वेळा फुकट, नंतर १ मे २०२५ पासून दरवेळी २३ रुपयांपर्यंत कापू शकतात.

दहाच्या नोटांसाठी मात्र बँकेच्या काउंटरलाच जावं लागतंय. शंभर नोटांचं बंडल म्हणजे हजार रुपये, घरात दोघंतिघं असाल तर बरेच दिवस पुरतंय. दिवाळी आणि लग्नसराईच्या आधी जाऊ नका, आहेराच्या पाकिटांसाठी सगळे तेच मागत असतात. "नोटा नाहीत, कॉइन घ्या" म्हणाले तर घ्या, पण दहाचं नाणं म्हटलं की आपल्याकडं निम्मे लोक तोंड वाकडं करतात. चालतं ते. रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्येच सांगितलंय की दहाच्या नाण्याच्या १४ डिझाइन आहेत आणि चौदाही चालतात, रुपयाचं चिन्ह असलेलंही आणि नसलेलंही. हे भाजीवालीला सांगून उपयोग शून्य, "मावशी घ्या की" म्हणाल तर ती म्हणणार "माझ्याकडनं कोण घेतंय?" आणि तिचं खरंच आहे. ती नाणी एसटीत आणि पेट्रोल पंपावर घालवा. जास्तच साठली तर बँकेत भरा, बँकेला नाही म्हणता येत नाही, एक-दोनची नाणी शंभर-शंभरची पिशवी करून नेली की कॅशियरही कुरकुरत नाही.

पाचशेची नोट कुठं मोडायची हे पण ठरलेलं असावं. मेडिकल, पंप, गणपती पेठेतलं होलसेलचं दुकान, जिथं दिवसभर मोठी उलाढाल असते तिथं. मंडईत सकाळी सकाळी पाचशे काढलेत तर ऐकून घ्यायची तयारी ठेवा, "अजून भवानी व्हायचीय दादा." अकरानंतर जावा, तोवर म्हाताऱ्या माणसांनी रोख देऊन थोडा गल्ला झालेला असतोय. आणि वरचे सुट्टे द्यायची सवय लावा, साठ झाले तर शंभर नका देऊ, एकशे दहा द्या, पन्नासची एकच नोट परत येते. नव्या पोरांना हे हिशोब पटकन कळत नाहीत, थांबा जरा, चिडू नका.

एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट झाल्यापासून आकडे जास्तच वेडेवाकडे येतात. कंडक्टर तिकिटाच्या मागं राहिलेले पैसे लिहून देतो, ते उतरायच्या दोन स्टॉप आधीच मागा. दोन अनोळखी माणसांत मिळून एक नोट देऊन "खाली उतरून वाटून घ्या" म्हणाला तर तिथंच नाही म्हणा, कारण खाली उतरल्यावर दोघांकडंही मोड नसते आणि मग तुम्ही दोघं मिळून चहाची गाडी शोधत बसता.

फाटकी नोट. मोड परत घेताना नोटा उलगडून बघायच्या, टेप लावलेली नोट बरोबर मधल्या घडीत लपलेली असते. गळ्यात पडलीच तर बट्टा घेऊन बदलणाऱ्याकडं जाऊ नका. खातं नसलं तरी कुठल्याही बँकेच्या शाखेत बदलून मिळायला पाहिजे. वीसपर्यंतच्या नोटेचा सलग सगळ्यात मोठा तुकडा निम्म्यापेक्षा जास्त असेल तर पूर्ण पैसे. पन्नास आणि वरच्या नोटेला तो तुकडा ८० टक्क्यांच्या वर असेल तर पूर्ण, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मे. "आमच्याकडं होत नाही" असं मला एका शाखेत काउंटरवरच ऐकवलं होतं, मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो तेव्हा झालं. तुम्ही सरळ तिथनंच सुरुवात करा.

आता जिथं कॅश घेऊन गेलात तरी डोकं आपटून काही होणार नाही त्या जागा. लाईट बिल महिन्याला ५ हजारांपर्यंतच रोख भरता येतंय, १ ऑगस्ट २०२३ पासून, शेतीपंपाला १० हजार. मिरजेत मोठ्या दवाखान्यात पेशंट असेल किंवा लग्नाचा हॉल, सोनं असं काही असेल तर २ लाख किंवा वर रोख घ्यायला कायद्यानंच बंदी आहे आणि दंड घेणाऱ्याला बसतोय, म्हणून ते घेणार नाहीत, तुकडे करून द्यायचा शहाणपणा पण चालत नाही, चेक न्या. पुण्याला गाडीनं जाताना तासवडे, आनेवाडीला फास्टॅग नसेल तर १५ नोव्हेंबर २०२५ च्या नियमात रोखीला दुप्पट टोल होता (यूपीआय केलं तर सव्वापट). तिथं हट्ट करू नका, टॅग बँकेत जाऊन रोखीनं भरून घ्या नाहीतर भाच्याच्या हातात पैसे द्या आणि त्याला रिचार्ज मारायला सांगा. परीक्षेची फी, दाखले, असलं ऑनलाइनच होणारं काम महा ई-सेवा केंद्रात रोख देऊन होतं, वर थोडे पैसे घेतात, पावती मात्र मागून घ्या.

उलटंही चाललंय बरं का. २०२५ च्या जुलैमध्ये बेंगळुरूत यूपीआयच्या हिशोबावरनं छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा आल्या आणि लोकांनी क्यूआर काढून "फक्त कॅश" अशा पाट्या लावल्या. आपल्याकडंही एखादा दुकानदार रोख बघून खूश होतो, असला सापडला की किराणा त्याच्याकडंच लावा, तो मोड पण देतो आणि पाचशेची नोट बघून कपाळाला आठ्या घालत नाही.

आणि कपाटात साडीखाली दोन हजाराची नोट सापडली तर घाबरू नका, ती बाद झालेली नाही, फक्त १९ मे २०२३ ला चलनातनं काढून घेतलीय. सांगलीतल्या बँकेत आता घेत नाहीत, पोस्टानं रिझर्व्ह बँकेच्या ऑफिसला पाठवता येते, पैसे खात्यात जमा होतात.