साइटचं काम ॲपवर आणायचंय? मग आधी व्हॉट्सॲप ग्रुपचं काहीतरी करा

आमच्या मागच्या साइटवर एका विंगसाठी सात व्हॉट्सॲप ग्रुप होते. प्लंबिंगचा वेगळा, इलेक्ट्रिकचा वेगळा, आर्किटेक्ट असलेला एक, आर्किटेक्ट नसलेला एक (खरं बोलायला). तर झालं असं की चौथ्या स्लॅबच्या आधी एका टॉयलेटचा शाफ्ट (पाइप वरून खाली जातात ती मोकळी जागा) सरकला, नवीन ड्रॉइंगची पीडीएफ रात्री साडेनऊला ग्रुपवर पडली आणि तिच्या डोक्यावर लगेच कुणाच्या तरी वाढदिवसाचे केक आणि हात जोडलेले तीसेक मेसेज. प्लंबरच्या माणसानं जुन्या ड्रॉइंगप्रमाणे स्लीव्ह (स्लॅबमधून पाइप जायला आधीच ठेवायचे नळीचे तुकडे) बसवले, स्लॅब भरला, नंतर कोअर कटिंगवाला बोलवून भोकं मारत बसलो, त्यातलं एक नेमकं बीमला खेटून, म्हणून परत आरसीसी कन्सल्टंटकडे (इमारतीच्या सांगाड्याचं डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरकडे) धावाधाव. आणि विचारलं तर उत्तर काय, "साहेब, ग्रुपवर तर टाकलं होतं." खरंच टाकलं होतं हो!

त्यानंतर आम्ही ॲपवर आलो. कुठलं ॲप यावर फार डोकं लावू नका, मोठ्या कंपन्या प्रोकोअर किंवा ऑटोडेस्क बिल्ड घेतात, आपल्याकडचे बरेच कॉन्ट्रॅक्टर पॉवरप्ले वापरतात. टास्क, ड्रॉइंग, फोटो, डेली रिपोर्ट एवढं मिळालं की झालं. खरी गंमत सेटिंगमध्ये आहे.

सगळ्यात आधी लोकेशन भरा. टास्क टाकायच्या आधी, माणसं ॲड करायच्या पण आधी. विंग, मजला, फ्लॅट, खोली अशी उतरंड, आणि तीच नावं जी साइटवर तोंडात आहेत. ड्रॉइंगमध्ये 'टॉयलेट 2' आणि मुकादम म्हणतो 'कॉमन बाथरूम', तर 'कॉमन बाथरूम'च लिहा. पार्किंग, पोडियम, टेरेस, लिफ्ट मशीन रूम, पाण्याची टाकी हे विसरतात लोक आणि मग तिकडचे सगळे टास्क 'इतर' नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन कुजतात.

मग टास्क कसा लिहायचा. 'प्लंबिंग बघणे' हा टास्क नाही, ती नुसती इच्छा आहे. असं लिहा: 'बी विंग, चौथा मजला, 402, मास्टर टॉयलेट, नहाणी ट्रॅपचा स्लीव्ह नवीन ड्रॉइंगप्रमाणे बसवणे, स्लॅबच्या आदल्या दिवशी संध्याकाळी 5 पर्यंत.' सोबत फोटो, फोटोवर बोटानं लाल गोल. आणि नाव एकाचंच. दोघांना टॅग केलं की दोघंही समजतात दुसरा करतोय. प्रोकोअरमध्ये यासाठी 'बॉल इन कोर्ट' असा एक रकानाच आहे, म्हणजे सध्या हे कुणाच्या अंगावर आहे ते दिसतं, तुमच्या ॲपमध्ये नसेल तर 'असाइन टू'मध्ये एकच नाव ठेवायची शिस्त लावा. बंद कोण करणार? ज्यानं उघडला तोच, तेही काम झाल्याचा फोटो बघून. सबकॉन्ट्रॅक्टरला स्वतःचा टास्क बंद करायची परमिशन दिलीत तर शनिवारी संध्याकाळी बिल टाकायच्या आधी सगळं हिरवं दिसेल, खात्रीनं सांगतो.

स्लॅबसाठी एकदाच टेम्प्लेट बनवा आणि प्रत्येक मजल्याला कॉपी करा, यात वेळ घालवलात तर पुढे महिने वाचतात. आमच्यात असं आहे: शटरिंगची लेव्हल आणि सपोर्ट, स्टील बीबीएसप्रमाणे (कुठली सळई किती आणि कशी वाकवायची त्याची यादी), कव्हर ब्लॉक (सळईखाली ठेवायचे ठोकळे), इलेक्ट्रिकचे पाइप आणि फॅन बॉक्स, प्लंबिंग स्लीव्ह, ब्लोअर मारून साफसफाई, कन्सल्टंटचं चेकिंग, मग पोअर कार्डवर (काँक्रीट भरायच्या परवानगीचा कागद) सह्या. आधीचे सगळे बंद झाल्याशिवाय पोअर कार्डचा टास्क उघडतच नाही असं लॉक लावलंय, आणि तो उघडल्याशिवाय आरएमसीची (प्लांटवरून येणाऱ्या तयार काँक्रीटची) ऑर्डर जात नाही. सुरुवातीला सगळे चिडले, मी पण.

भरल्यानंतरचे टास्क तर तारखेसकट आपोआप पडायला पाहिजेत, कारण हेच विसरले जातात. क्यूब (काँक्रीटची ताकद तपासायचे ठोकळे) 7 आणि 28 दिवसांचे. किती क्यूब तेही टास्कमध्येच लिहा, आयएस 456 (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे 90 घनमीटरच्या स्लॅबला 5 सॅम्पल होतात, एका सॅम्पलला 3 क्यूब म्हणजे 28 दिवसांचेच 15, सात दिवसांचे वरून वेगळे. क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) ओपीसीला (साध्या सिमेंटला) कमीत कमी 7 दिवस, पीपीसी (मिश्र सिमेंट) किंवा फ्लाय ॲश असेल तर 10, आणि कोरड्या उन्हाळ्यात तेच अनुक्रमे 10 आणि 14. स्लॅबचे टेकू काढायची तारीख स्पॅनप्रमाणे, साडेचार मीटरपर्यंत 7 दिवस, त्याच्या वर 14, हे साध्या ओपीसीचं, बाकी सिमेंटला कन्सल्टंटला विचारा. ही तारीख ॲपवर नसली की सुताराला पुढच्या मजल्यासाठी माल हवा असतो आणि तो हळूच दोन टेकू काढून नेतो.

ड्रॉइंगचं एकच सांगतो. नवीन रिव्हिजन आली की ती जुनीच्याच शीटवर चढवून अपलोड करा, वेगळी फाइल म्हणून नको, म्हणजे फोनवर उघडलं की ताजीच दिसते आणि जुनी मागे जाते. साइट ऑफिसच्या भिंतीवरची जुनी प्रिंट त्याच दिवशी फाडा.

आता बोलण्याचं. व्हॉट्सॲप बंद होणार नाही, ते विसरा. नियम एवढाच, 'गाडी गेटवर आलीये', 'पंप चालू केला' हे ग्रुपवर, आणि ज्याचे पैसे, तारीख किंवा ड्रॉइंग बदलणार आहे ते ॲपवर. आर्किटेक्ट फोनवर म्हणाला 'चालेल, खिडकी 100 एमएम खाली घ्या', तर फोन ठेवल्या ठेवल्या आरएफआय (आर्किटेक्ट किंवा कन्सल्टंटला ॲपवर लेखी प्रश्न) टाका, 'आज 11 वाजता बोलण्याप्रमाणे', आणि त्यांचा हो आल्याशिवाय गवंडी लावू नका. ड्रॉइंगबद्दलचा प्रश्न असेल तर तो टास्क नाही, आरएफआयच, कारण त्याला उत्तर देणारा माणूस साइटवर नसतो.

मुकादम टाइप करत नाही. त्याला कशाला छळता, तो व्हॉइस नोट आणि फोटो पाठवेल, टास्क साइट इंजिनिअर बनवेल. टास्कचं नाव मराठी किंवा हिंदीत चालतं, इंग्रजीचा हट्ट ऑफिसवाल्यांचा असतो. बेसमेंटमध्ये रेंज नसते, म्हणून ऑफलाइन चालतं का ते ॲप घ्यायच्या आधी खाली जाऊन बघा, डेमो नेहमी एसीत होतो. नोटिफिकेशन प्रत्येकाला फक्त स्वतःचं, नाहीतर आठवड्यात सगळे म्यूट करतात.

सोमवारच्या मीटिंगला वेगळे मिनिट्स लिहायचे बंद केले आम्ही. ओव्हरड्यूची लिस्ट टीव्हीवर लावायची, वरून खाली यायचं, प्रत्येकाला नवी तारीख किंवा कारण तिथेच टाकायचं. लिस्टमध्ये पन्नासच्या वर गेलं तर समजा लोकांनी बघणं सोडलंय, एक दिवस बसून मेलेले टास्क साफ करा.

शेवटी स्नॅग लिस्ट (राहिलेल्या बारीकसारीक दोषांची यादी) पण याच लोकेशनवर, फ्लॅटप्रमाणे. आणि पझेशन झालं म्हणून लगेच सबस्क्रिप्शन बंद करू नका, रेराच्या कलम 14 प्रमाणे पझेशनपासून 5 वर्षं दोष दुरुस्तीची जबाबदारी असते, कळवल्यापासून 30 दिवसांत. 402 वाले तीन वर्षांनी बाथरूम गळतंय म्हणून आले तर त्या स्लीव्हचा, वॉटरप्रूफिंगचा आणि पाणी भरून केलेल्या टेस्टचा फोटो तारखेसकट हातात पाहिजे, म्हणून अकाउंट बंद करायच्या आधी सगळं फ्लॅटप्रमाणे पीडीएफ काढून दोन हार्डडिस्कवर टाका, एक ऑफिसात, एक दुसरीकडे कुठेतरी.