दोन आसनी अल्ट्रालाइटचा गुरुत्वमध्य: आधी कागदावर, मग काट्यावर

अल्ट्रालाइट, म्हणजे अगदी हलकं छोटं विमान, आखताना पहिली रेघ ओढण्याआधी वजनाचा हिशेब मांडा. उदाहरणासाठी कमाल वजन ४५० किलो आणि स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमान पेलू शकत नाही) ताशी ६५ किलोमीटर धरू. फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेची झडप) खाली असताना लिफ्ट गुणांक, म्हणजे पंखाच्या उचलण्याच्या क्षमतेचं माप, १.८ मिळेल असं मानलं, तर पंखाचं क्षेत्रफळ १२.३ चौरस मीटर येतं. साध्या फ्लॅपला १.८ क्वचितच गाठता येतो, १.६ वर अडकलात तर त्याच पंखाचा स्टॉल ६९ वर जातो. म्हणून १.६ च धरा आणि १३.८ चौरस मीटरचा पंख घ्या. कॉर्ड, म्हणजे पंखाची पुढून मागे रुंदी, १.४ मीटर ठेवूया.

आसनं शेजारी-शेजारी असतील तर दोन्ही गुरुत्वमध्याजवळ, म्हणजे विमान ज्या बिंदूवर तोललं जातं त्याच्याजवळ, येतात. एकामागे एक असतील तर मागचं आसन गुरुत्वमध्यावरच बसवा आणि एकट्या पायलटला पुढे बसवा. मागचं आसन रिकामं असो वा भरलेलं, तोल फारसा ढळत नाही.

विमान तयार झालं की वजन बंद हँगरमध्येच करा. वाऱ्याची झुळूकही काटा हलवते. इंजिनात ऑइल भरलेलं, टाकीत फक्त न वापरता येणारं इंधन. तिन्ही चाकांखाली काटे ठेवा, ब्रेक सोडा, फ्यूजलाज (विमानाचं धड) पाणसळीने समपातळीत आणा. पंखाच्या पुढच्या कडेवरून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खूण करा आणि अंतरं तिथून मोजा.

समजा, मुख्य चाकांवर ११५ आणि ११४ किलो, कडेच्या ०.५५ मीटर मागे. पुढच्या चाकावर ३६ किलो, १ मीटर पुढे. २२९ × ०.५५ मधून ३६ वजा केले की ८९.९५. त्याला २६५ ने भागा: गुरुत्वमध्य ०.३४ मीटरवर, म्हणजे कॉर्डच्या २४ टक्क्यांवर.

आता भार चढवा. आसनं कडेच्या ०.४२ मीटर मागे, टाकी ०.८० वर, सामान १.२० वर. ८० किलोचे दोघे आणि २५ किलो, म्हणजे सुमारे ३५ लिटर पेट्रोल घेतलं की ४५० किलो पुरे होतात आणि गुरुत्वमध्य २८ टक्क्यांवर येतो. खरा धोका दुसरीकडेच आहे. ६० किलोचा एकटा पायलट, तेवढंच २५ किलो पेट्रोल आणि १० किलो सामान, एवढ्याने तो २९.२ वर जातो. गुरुत्वमध्याची मागची मर्यादा २९ टक्के असेल तर हे उड्डाण नाही म्हणजे नाहीच: नाक स्वतःहून सावरत नाही, स्पिनमधून (गरगरत खाली येण्यातून) बाहेर येणं अवघड होतं.

नाकात शिसं भरण्याआधी बॅटरी हलवून बघा. सामानाच्या जागेतली ६ किलोची बॅटरी १.८ मीटर पुढे, फायरवॉलवर (इंजिनामागच्या भिंतीवर) नेली की गुरुत्वमध्य ३ सेंटीमीटर पुढे सरकून २७ टक्क्यांवर येतो, आणि वजन एक ग्रॅमही वाढत नाही. मग पुढची मर्यादाही तपासा: टाकी रिकामी, पायलट एकटा. ती ओलांडली तर उतरताना नाक उचलायला एलिव्हेटर (शेपटीवरची वर-खाली हलणारी पट्टी) कमी पडतो.

रंगकामानंतर पुन्हा वजन करा. शेपटीवरचा रंग गुरुत्वमध्यापासून लांब बसतो, शिवाय एलिव्हेटरचा स्वतःचा तोलही बिघडवतो. बिजागरीभोवतीचा तो तोल पुन्हा जुळवल्याशिवाय उडू नका, नाहीतर वेग वाढताच फ्लटर, म्हणजे वाढत जाणारी धोकादायक थरथर, सुरू होऊ शकतो.