'आय हॅड गॉन' आणि 'यू ओन्ली टोल्ड': इंग्रजी बोलताना या चुका टाळा

बारा काळांचा तक्ता पाठ असतो, व्ही वन-व्ही टू-व्ही थ्री घडाघडा म्हणता येतात, तरी मुलाखतीत तोंड उघडलं की काळ चुकतो. दोष तक्त्याचा नाही. वाक्य मनात मराठीत जुळतं आणि त्यातले 'होतो', 'पासून' आणि 'च' तसेच्या तसे इंग्रजीत उतरतात. म्हणून सराव या तीन शब्दांपासून सुरू करा.

'गेलो होतो' म्हणजे 'हॅड गॉन' नव्हे

ही चूक सगळ्यात जास्त होते आणि सगळ्यात कमी पकडली जाते. 'मी रविवारी पुण्याला गेलो होतो' हे मराठीत अगदी बरोबर आहे. जाऊन आलो, गोष्ट संपली, एवढंच तो 'होतो' सांगतो. इंग्रजीतल्या 'हॅड'चं काम वेगळं आहे. भूतकाळातल्या दोन घटनांपैकी आधी कोणती घडली, ते तो दाखवतो. त्यामुळे नुसतं 'आय हॅड गॉन टू पुणे ऑन संडे' म्हटलं की ऐकणारा दुसऱ्या घटनेची वाट बघत राहतो. इथे 'आय वेंट टू पुणे ऑन संडे' पुरतं.

'हॅड' कुठे लागतोच? 'व्हेन आय रीच्ड सोलापूर स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.' गाडी आधीच गेलेली होती. इथे 'द ट्रेन लेफ्ट' म्हणालात, तर तुम्ही पोहोचलात आणि मग गाडी सुटली असा अर्थ होतो. तोंडात 'हॅड' आला की स्वतःला विचारा: कशाच्या आधी? उत्तर नसेल तर सरळ व्ही टू वापरा.

'हॅव'चंही असंच. 'आय हॅव सबमिटेड द फॉर्म यस्टरडे' हे वाक्य ऑफिसच्या ईमेलमध्ये रोज दिसतं. साल, वार, 'यस्टरडे', 'लास्ट वीक' यांच्याशी 'हॅव'चं जमत नाही. दोघांपैकी एकाला काढा. सरावाला आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं चरित्र घ्या: 'ही वॉज बॉर्न इन सोलापूर इन १९१०. ही वेंट टू चायना इन १९३८. ही डाइड देअर इन १९४२.' सगळीकडे साधा भूतकाळ. आता चौथं वाक्य जोडा: 'व्हेन ही डाइड, ही हॅड बीन इन चायना फॉर मोअर दॅन फोर इयर्स.' 'कशाच्या आधी?' याचं उत्तर इथे वाक्यातच आहे, म्हणून 'हॅड' शोभतो.

'पासून'

'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' यात चुका दोन आहेत. मराठीत 'पाच वर्षांपासून राहतो' असा वर्तमानकाळ चालतो, इंग्रजीला मागचा धागा दाखवावा लागतो: 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स.' 'सिन्स'पुढे सुरुवातीचा क्षण येतो, जसं 'सिन्स २०२०', 'फॉर'पुढे मोजमाप.

किरकोळ पण कानाला टोचणाऱ्या दोन गोष्टी. फोनवरच्या 'आलोच'चं 'आय केम' करू नका, 'आय ॲम कमिंग' म्हणा. आणि 'तो येईल तेव्हा'चं 'व्हेन ही विल कम' नाही, 'व्हेन ही कम्स'.

'च'साठी 'ओन्ली' नको

'तूच सांगितलंस'चं 'यू ओन्ली टोल्ड मी' होतं. सोलापुरात ही सवय जास्त घट्ट आहे, कारण इथल्या तिन्ही भाषांत शब्दाला शेपूट जोडून जोर देतात: मराठीत 'मीच', तेलुगूत 'नेने', कन्नडमध्ये 'नाने'. आपसात सगळ्यांना कळतं, म्हणून कुणी टोकत नाही. परदेशी ग्राहकाला मात्र त्या 'ओन्ली'चा अर्थ 'फक्त' असाच लागतो आणि तो गोंधळतो.

जोर व्यक्तीवर असेल तर 'इट वॉज यू हू टोल्ड मी' म्हणा, किंवा नुसता 'यू' ठासून म्हणा. जोर क्रियेवर असेल, म्हणजे 'सांगितलं होतं की!' असं म्हणायचं असेल, तर 'डिड' आणा: 'आय डिड टेल यू!' भूतकाळ 'डिड'ने घेतला, म्हणून पुढे 'टेल'च. 'डिड टोल्ड' नाही. 'डिडन्ट वेंट' याच कारणाने चुकतं. 'कालच आला'मध्ये 'ओन्ली' चालतो, पण शब्दाच्या आधी: 'ही केम ओन्ली यस्टरडे.'

आवाजाचा जोर वाचून येत नाही, त्यासाठी मोबाइलवर रेकॉर्डिंग करा. वाक्य घ्या: 'माय सिस्टर बॉट टू चादर्स इन सोलापूर.' कोणी घेतल्या? 'सिस्टर'वर जोर. किती? 'टू'वर. कुठून? 'सोलापूर'वर. जोराचा शब्द थोडा लांबवायचा, सूर चढवायचा, बाकीचे पटकन उरकायचे. आपण मराठीच्या सवयीने प्रत्येक अक्षराला सारखं वजन देतो, तिथेच जोर हरवतो. तिन्ही रेकॉर्डिंग उलटसुलट क्रमाने घरातल्या कुणाला तरी ऐकवा आणि प्रश्न कोणता होता ते ओळखायला सांगा. ओळखता आला नाही, तर जोराच्या शब्दावर आणखी ओरडू नका. बाकीचे शब्द हलके करून पुन्हा म्हणा.