विंडोज परत टाकताना डिस्क निवडायच्या स्क्रीनवर घाई करू नका

पीसी चालू केला, ठिपके गोल गोल फिरले, निळी स्क्रीन आली, रिस्टार्ट झाला, परत तेच. नाशकात वळवाचा पाऊस सुरू झाला आणि लाईट दोन-चारदा ये-जा झाली की मला असे फोन यायला लागतात, आणि प्रत्येकाला माझ्या आधीच कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं, "फॉरमॅट मारून टाक". थांबा जरा.

कंपनीचा लोगोसुद्धा येत नसेल तर विंडोजचा काही संबंध नाही, रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने पुसा आणि घट्ट बसवा. लोगो येतोय पण बूट डिव्हाइस (म्हणजे ज्या डिस्कवरून पीसी सुरू होतो ती) सापडत नाही म्हणतोय, तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, डिस्क दिसते का बघा, नसेल दिसत तर डिस्कची साटा केबल सैल झालीय नाहीतर डिस्कच गेलीय, मग विंडोज टाकणार कशावर? तारीख भलत्याच वर्षाची दिसली तर मदरबोर्डवरचा २०३२ नंबरचा बटण सेल संपलाय, बायोसची सेटिंग पुसली गेल्यामुळेही बूट अडतं. हे सगळं ठीक असेल आणि विंडोजच्या स्वतःच्या दुरुस्तीने, म्हणजे स्टार्टअप रिपेअरनेही, हात टेकले असतील तरच पुढे या.

दुसऱ्या पीसीवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्या, किमान ८ जीबीचा पेनड्राईव्ह लावा, तो बुटेबल, म्हणजे पीसी त्यावरूनच सुरू होईल असा, होईपर्यंत चहा होतो. (पेनड्राईव्हमधलं आधीचं सगळं उडतं, गाणी असतील तर काढून घ्या.) विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे मशीनमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप असेल आणि प्रोसेसर विंडोज ११ ला चालणारा असेल तर ११ च टाका. शंभर-दोनशे रुपयांत "अ‍ॅक्टिव्हेट करून" देणाऱ्यांच्या नादी लागू नका. पीसीवर आधी ओरिजिनल विंडोज अ‍ॅक्टिव्हेट असेल तर डिजिटल लायसन मदरबोर्डशी जोडलेलं असतं, प्रॉडक्ट की विचारली तर "माझ्याकडे नाही" म्हणा, फक्त आधी होम होतं तर होमच निवडा, प्रो होतं तर प्रो.

पीसी कशावरून सुरू करायचा ते विचारणारा बूट मेनू डेल-लिनोव्होला एफ१२, एचपीला एफ९, आसुसच्या लॅपटॉपला एस्केप. तिथे पेनड्राईव्ह दोनदा दिसला तर ज्याच्या आधी यूईएफआय (बूट व्हायची नवी पद्धत) लिहिलंय तोच निवडा, नाहीतर पुढे एमबीआर-जीपीटीचा, म्हणजे डिस्कच्या जुन्या-नव्या मांडणीचा, एरर येतो आणि लोक वैतागून सगळीच डिस्क क्लीन करून बसतात.

डेटा काढायचा राहिलाय? सेटअपची पहिली स्क्रीन आली की शिफ्ट आणि एफ१० दाबा, काळी खिडकी उघडेल, त्यात इंग्रजीत notepad टाइप करून एंटर दाबा. नोटपॅडच्या फाइल, ओपनमध्ये जाऊन खाली ऑल फाइल्स करा, सगळे ड्राईव्ह दिसतात आणि राइट क्लिक करून फोल्डर कॉपी करून बाहेरच्या हार्डडिस्कवर पेस्ट करता येतं. कॉपी होताना पट्टी वगैरे काही दिसत नाही, अडकलंय वाटतं, बंद करू नका. ड्राईव्ह लॉक दिसला तर ते बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, त्याची ४८ आकडी रिकव्हरी की बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर असते, मोबाईलवरून लॉगिन करून बघा. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमधल्या फायली असतील तर विंडोजमधलं फॉन्ट्स फोल्डरही घ्या, नाहीतर नंतर सगळी पत्रं चिनी वाटतील.

आता खरी गोष्ट. विंडोज कुठे टाकायचं हे विचारणारी स्क्रीन. व्हिडिओवाले इथे सर्रास सांगतात, सगळी पार्टिशनं, म्हणजे डिस्कचे पाडलेले भाग, डिलीट करा आणि नेक्स्ट. मीही तेच केलं होतं. पिंपळगावला मामाकडे पीसी, नवीन एसएसडी मीच बसवून दिलेली, जुनी १ टीबीची हार्डडिस्क आत तशीच, आणि त्या हार्डडिस्कवर मामाचं द्राक्षबागेचं फवारणीचं सगळं रेकॉर्ड, कुठलं औषध कधी मारलं, ज्यावर एक्सपोर्टचा माल अडतो. मी धरून चाललो की डिस्क झिरो म्हणजे सी ड्राईव्ह. नव्हता. चार वेळा डिलीट दाबलं, नेक्स्ट दाबलं, वीस मिनिटांनी विंडोज झकास चालू झालं आणि डी ड्राईव्ह उघडायला गेलो तर डी नाहीच. मामा ओरडला नाही. आत गेला, औषध दुकानाच्या पावत्यांची पिशवी घेऊन आला आणि माझ्या पुढ्यात ठेवली. पुढचे दोन रविवार मी पिंपळगावला टायपिंग केलं.

तर, त्या यादीत सी, डी काही लिहिलेलं नसतं, डिस्कला फक्त नंबर असतात आणि कुठल्या डिस्कला कुठला नंबर मिळेल याचा भरवसा नाही. शिफ्ट-एफ१० च्या खिडकीतही तिथला सी म्हणजे तुमचा सी असेलच असं नाही. त्यामुळे साइज बघा, आणि साइजही छापील नाही, विंडोज मोजतं तशी: २५६ जीबीची एसएसडी २३८ दिसते, ५१२ ची ४७६, १ टीबीची ९३१. १६ चा पेनड्राईव्ह लावला असेल तर तो १४-१५ जीबीवाला दिसतोय ना, तो तोच, त्याला हात लावू नका.

आणि माझं ठाम मत, डेस्कटॉप असेल तर आकडे वगैरे बघत बसूच नका, पीसी बंद करा, प्लग काढा, कॅबिनेट उघडा आणि ज्या डिस्कवर विंडोज टाकायचं नाही तिची केबल सरळ काढून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे. फक्त डेटा वाचतो म्हणून नाही. दुसऱ्या डिस्कवर आधीचं बूट पार्टिशन पडलेलं असेल तर सेटअप कधीकधी बूटच्या फायली तिथेच टाकून मोकळं होतं, विंडोज एसएसडीवर आणि चावी हार्डडिस्कवर, मग वर्षभराने ती हार्डडिस्क मेली की चांगली एसएसडी असूनही पीसी उठत नाही, आणि तुम्ही परत मला फोन करता.

डिस्क एकच आणि तिचेच सी-डी असे भाग केलेत? मग डीला सोडून बाकीचे, म्हणजे १०० एमबीचं सिस्टीम, १६ एमबीचं एमएसआर, जुना सी आणि रिकव्हरी डिलीट करा, जी सगळ्यात मोठी मोकळी जागा उरेल ती निवडून नेक्स्ट. शंका असेल तर काहीच डिलीट आणि फॉरमॅट न करता जुन्याच सीवर टाका, आधीचं सगळं विंडोज.ओल्ड नावाच्या फोल्डरमध्ये जातं, त्यातून लगेच काढून घ्या. यादी पूर्ण रिकामी दिसली तर घाबरू नका, इंटेलच्या अकराव्या जनरेशनपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी या इंटेलच्या डिस्क सांभाळणाऱ्या सोयीमुळे असं होतं, कंपनीच्या साइटवरून इंटेल आरएसटी ड्रायव्हर घ्या, अनझिप करून पेनड्राईव्हवर टाका आणि लोड ड्रायव्हर दाबा.

पुढे काही नाही, रिस्टार्ट होत राहील, पहिल्या रिस्टार्टनंतर परत पेनड्राईव्हवरून बूट करू नका. वायफाय दिसत नसेल तर मोबाईल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. मग विंडोज अपडेट, ग्राफिक्सचा ड्रायव्हर, आणि भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड, तो विंडोजमध्येच असतो.

शेवटी पीसी बंद करून काढलेली केबल परत लावा. चालू केल्यावर विंडोज ती डिस्क फॉरमॅट करू का असं विचारत असेल तर कॅन्सल दाबा, ओके नाही. आणि तिला डीच्या जागी ई नाहीतर एफ मिळाला असेल तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन अक्षर परत डी करा, नाहीतर टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) उघडल्यावर त्यातली तुमची कंपनीच दिसणार नाही आणि डेटा उडाला म्हणून घरात गोंधळ होईल.